परग्रहाच्या आडून माणसाची गोष्ट : रॉड सर्लिंग

विज्ञानकथा अमेरिकेत रुजली आणि वाढली ती प्रामुख्याने मासिकांतून. स्वस्त कागदावर छापल्या जाणाऱ्या, भडक मुखपृष्ठांच्या त्या मासिकांना साहित्याच्या दरबारात मान नव्हता. रेल्वेप्रवासात वाचावे आणि उतरताना बाकावर सोडून द्यावे, अशी त्यांची गणना होई. या मासिकांतील लघुकथांचे सामर्थ्य ओळखून त्या कोट्यवधी प्रेक्षकांपर्यंत नेण्याचे श्रेय ज्या मोजक्या लोकांकडे जाते, त्यांत रॉड सर्लिंग यांचे नाव अग्रभागी आहे. १९५९ ते १९६४ या काळात सीबीएस वाहिनीवर प्रसारित झालेल्या 'द ट्वायलाइट झोन' या मालिकेचे ते जनक. मालिकेच्या १५६ भागांपैकी ९२ भागांच्या पटकथा त्यांनी लिहिल्या. त्यांच्या निधनानंतर आठ वर्षांनी, १९८३ मध्ये, याच मालिकेवर चार कथांचा एक चित्रपट निघाला. तो गाजला, मात्र त्याच्या निर्मितीत तीन जिवांचा बळी गेला. अवघ्या पन्नास वर्षांचे आयुष्य लाभलेल्या या लेखकाची वाटचाल लघुकथेचे दृश्य माध्यमात काय होते, याचा एक वस्तुपाठच आहे.

युद्धाच्या छायेत

रॉडमन एडवर्ड सर्लिंग यांचा जन्म २५ डिसेंबर १९२४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथे एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे बालपण गेले ते त्याच राज्यातील बिंगहॅम्टन या छोट्या शहरात. थोरले बंधू रॉबर्ट यांनी पुढे विमानवाहतूक या विषयावरील लेखक म्हणून नाव मिळवले. दोघा भावांना मासिकांतील अद्भुत कथांचे आणि चित्रपटांचे वेड होते. बिंगहॅम्टनमधील बाग, तेथील लाकडी घोड्यांचे फिरते चक्र आणि उन्हाळ्यातील संध्याकाळी यांची ओढ सर्लिंग यांच्या मनातून कधीच गेली नाही. मालिकेच्या पहिल्याच वर्षी त्यांनी लिहिलेल्या 'वॉकिंग डिस्टन्स' या भागातील मध्यमवयीन नायक आपल्या बालपणीच्या गावात जाऊन पोहोचतो, त्या गावाचे मूळ येथे आहे.

१९४३ मध्ये शालेय शिक्षण संपताच सर्लिंग लष्करात भरती झाले. उंची जेमतेम पाच फूट चार इंच. तरीही त्यांनी छत्रीधारी सैनिकांच्या ५११ व्या रेजिमेंटमध्ये प्रवेश मिळवला. फिलिपिन्समधील लेटे आणि लुझॉन या बेटांवरील घनघोर लढायांत ते होते. मनगट व गुडघा जायबंदी झाला. 'ब्राँझ स्टार' आणि 'पर्पल हार्ट' ही पदके मिळाली. लेटे बेटावर त्यांच्या डोळ्यांदेखत एक जिवलग मित्र मरण पावला. तोही शत्रूच्या गोळीने नव्हे, तर सैनिकांसाठी विमानातून टाकलेली अन्नाची पेटी अंगावर पडल्याने. मृत्यूच्या या अतर्क्य, जवळजवळ क्रूर विनोदासारख्या रूपाने त्यांचा पुढे आयुष्यभर पिच्छा पुरवला. १९४५ मध्ये वडिलांचे हृदयविकाराने निधन झाले. वय ५२ वर्षे. अंत्यविधीसाठी घरी जाण्याची रजाही त्यांना मिळू शकली नाही.

युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठीच्या शिक्षण योजनेतून त्यांनी ओहायो राज्यातील अँटिऑक कॉलेजात प्रवेश घेतला. सुरुवातीला शारीरिक शिक्षणाचा विषय घेतला होता; पण रात्री झोप लागत नसे, युद्धाच्या आठवणी छळत. मनातले बाहेर काढण्याचा मार्ग म्हणून ते लेखनाकडे वळले आणि १९५० मध्ये साहित्याची पदवी घेऊन बाहेर पडले. याच कॉलेजात भेटलेल्या कॅरोल क्रेमर यांच्याशी १९४८ मध्ये त्यांचा विवाह झाला. त्या दिवसांत पैशांची चणचण इतकी होती, की नव्या बनावटीच्या हवाई छत्र्यांची चाचणी घेण्यासाठी विमानातून उड्या मारण्याचे कामही त्यांनी केले.

प्रायोजकांची कात्री

सिनसिनाटीतील नभोवाणी केंद्रावर काही काळ नोकरी केल्यानंतर सर्लिंग यांनी पूर्णवेळ लेखनाचा निर्णय घेतला. अमेरिकेत तो काळ थेट प्रक्षेपित होणाऱ्या दूरचित्रवाणी नाटकांचा होता. कितीतरी संहिता नाकारल्या गेल्या. मग १२ जानेवारी १९५५ या एका रात्रीने सारे बदलले. त्या दिवशी त्यांचे 'पॅटर्न्स' हे नाटक प्रक्षेपित झाले. मोठ्या कंपनीत वयस्क अधिकाऱ्याला पद्धतशीरपणे नामोहरम करून त्याच्या जागी तरुणाला बसवण्याची ही कथा प्रेक्षकांना इतकी भावली, की चारच आठवड्यांत तेच नाटक पुन्हा थेट सादर करावे लागले. सर्लिंग यांना पहिला एमी पुरस्कार मिळाला. उतरणीला लागलेल्या मुष्टियोद्ध्याचे दुःख मांडणाऱ्या 'रेक्विएम फॉर अ हेवीवेट' (१९५६) या नाटकाने त्यांची कीर्ती शिखरावर नेली. लष्करात असताना ते स्वतः मुष्टियुद्ध खेळले होते. त्या अनुभवाचा या नाटकात मोठा वाटा होता.

मात्र कीर्तीबरोबर संघर्षही आला. दूरचित्रवाणीवरील नाटकांचा खर्च जाहिरातदार कंपन्या उचलत आणि संहितेवर अखेरचा शब्दही त्यांचाच असे. १९५५ मध्ये मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची निर्घृण हत्या झाली आणि आरोपींना गोऱ्या ज्युरीने निर्दोष सोडले. या घटनेने अस्वस्थ झालेल्या सर्लिंग यांनी 'नून ऑन डूम्सडे' हे नाटक लिहिले. त्याचा टिल प्रकरणाशी संबंध असल्याचे वृत्तपत्रांतून येताच दक्षिणेतील वर्णवर्चस्ववादी संघटनांकडून निषेधाची पत्रे आली आणि प्रायोजक हादरले. कथानक दक्षिणेतून उचलून ईशान्येकडील न्यू इंग्लंडमध्ये नेण्यात आले. मारला जाणारा माणूस कोणी अनामिक परदेशी झाला. दक्षिणेची आठवण होऊ नये म्हणून नेपथ्यातील कोका-कोलाच्या बाटल्याही हटवण्यात आल्या. १९५६ मध्ये प्रसारित झालेल्या या नाटकात मूळ आशयाचा मागमूसही उरला नव्हता. दोन वर्षांनी त्याच विषयावर केलेल्या दुसऱ्या प्रयत्नाची गतही फारशी वेगळी झाली नाही.

अमेरिकी सिनेटमधील राजकारणावरील नाटकाचेही असेच झाले. सिनेट सदस्य दाखवायचे, पण कोणत्याही खऱ्या प्रश्नावर त्यांनी बोलायचे नाही, असा तो प्रकार होता. तेच सभागृह शंभर वर्षांनंतरचे दाखवले असते आणि सदस्यांच्या जागी यंत्रमानव बसवले असते, तर सारे काही बोलता आले असते, असा निष्कर्ष त्यांनी यातून काढला. मराठीत ज्याला 'लेकी बोले सुने लागे' म्हणतात, तो मार्ग त्यांना सापडला होता.

संधिप्रकाशाचा प्रदेश

'द टाइम एलिमेंट' या त्यांच्या नाटकात एक माणूस स्वप्नातून पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या आदल्या दिवशी जाऊन पोहोचतो आणि कोणीही त्याचे ऐकत नाही. सीबीएसने विकत घेऊन अडगळीत टाकलेली ही संहिता नोव्हेंबर १९५८ मध्ये दुसऱ्या एका कार्यक्रमातून सादर झाली, तेव्हा प्रेक्षकांच्या पत्रांचा पाऊस पडला. वाहिनीला आपली चूक उमगली. २ ऑक्टोबर १९५९ रोजी 'द ट्वायलाइट झोन'चा पहिला भाग प्रसारित झाला. भारतात दिल्लीतील दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण त्याआधी जेमतेम अडीच आठवडे, १५ सप्टेंबरला, सुरू झाले होते. मुंबईकरांना त्यासाठी २ ऑक्टोबर १९७२ ची वाट पाहावी लागली.

मालिका सुरू होण्याच्या तोंडावर दिलेल्या मुलाखतीत सर्लिंग यांनी आपण आता वादग्रस्त विषयांच्या वाटेला जाणार नसल्याचे सांगून टाकले होते. प्रत्यक्षात त्यांनी नेमके उलटे केले. 'द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट' (१९६०) या भागात एका शांत गल्लीतील वीज जाते आणि शेजारी राहणारी सज्जन माणसे परस्परांवर परग्रहवासी असल्याचा संशय घेत एकमेकांच्या जिवावर उठतात. नुकत्याच सरलेल्या मॅकार्थी पर्वाचा, कम्युनिस्ट ठरवून माणसे उद्ध्वस्त करण्याच्या त्या काळाचा संदर्भ कोणाच्याही लक्षात यावा, इतका स्पष्ट होता. जेरुसलेममध्ये आइकमनवर खटला चालू असलेल्या १९६१ या वर्षी त्यांनी डाखाउच्या छळछावणीत परतणाऱ्या नाझी अधिकाऱ्याची कथा लिहिली. परग्रह, यंत्रमानव आणि कालप्रवास यांच्या आडून सारे काही बोलता येत होते. प्रायोजकांना त्यात आक्षेपार्ह असे काहीच दिसत नव्हते.

कथेचे माध्यमांतर

एकट्याने दर आठवड्याला नवी कल्पना काढणे कोणालाही अशक्यच. मालिकेच्या सुरुवातीला सर्लिंग यांनी नवोदितांकडून संहिता मागवून पाहिल्या. हजारोंचा ढीग आला, पण कामाचे काही हाती लागले नाही. मग ते मासिकांतून आधीच प्रसिद्ध झालेल्या विज्ञानकथांकडे वळले. रिचर्ड मॅथेसन आणि चार्ल्स बोमाँट हे दोन कथाकार मालिकेचे आधारस्तंभ झाले. रे ब्रॅडबरी यांची मात्र एकच पटकथा पडद्यावर आली. 'आय सिंग द बॉडी इलेक्ट्रिक' हा तो भाग १९६२ मध्ये मालिकेचा शंभरावा भाग म्हणून प्रसारित झाला. पुढे दोघांच्या मैत्रीत दुरावा आला.

सर्लिंग यांच्या हातून झालेली रूपांतरे पाहिली, म्हणजे त्यांची पद्धत ध्यानात येते. लिन व्हेनेबल यांची 'टाइम इनफ अॅट लास्ट' ही कथा १९५३ मध्ये 'इफ' मासिकात आली होती. वाचनाचे वेड असलेला, पण घरी आणि कचेरीत कोणीच वाचू देत नसलेला बँकेतील कारकून दुपारच्या सुटीत तिजोरीच्या खोलीत वाचत बसतो आणि बाहेर अणुबॉम्बने जग संपते. आता वेळच वेळ, ग्रंथालयाची पुस्तकेही समोर; तोच चष्मा फुटतो. बर्जेस मेरेडिथ यांनी रंगवलेला हा कारकून अमेरिकी प्रेक्षकांच्या स्मरणात कायमचा राहिला. डॅमन नाइट यांच्या 'टू सर्व्ह मॅन' (१९५०) या कथेचा सारा डोलारा एका श्लेषावर उभा आहे. परग्रहावरून आलेले उपकारकर्ते जो ग्रंथ सोबत आणतात, त्याच्या शीर्षकातील 'सर्व्ह' या इंग्रजी शब्दाचे सेवा करणे आणि ताटात वाढणे असे दोन्ही अर्थ होतात. मूळ कथेतील परग्रहवासी डुकरासारखे दिसणारे आहेत. पडद्यावर तसे प्राणी आले, तर हसू होईल, हे ओळखून त्यांच्या जागी उंचपुरे, गंभीर, मोठ्या कपाळाचे पाहुणे आणले गेले. श्लेष तसाच राहिला, भीती वाढली.

जेरोम बिक्सबी यांची 'इट्स अ गुड लाइफ' (१९५३) ही कथा त्याहून अवघड. मनात येईल ते घडवण्याची शक्ती असलेला एक लहान मुलगा आणि त्याच्या धाकाखाली सतत आनंदी असल्याचे सोंग करणारे गाव, एवढेच तिचे कथानक. मूळ कथेतील अँथनी तीन वर्षांचा आहे. सर्लिंग यांनी त्याला सहा वर्षांचे केले. तीन वर्षांच्या बालकाकडून अभिनय करून घेणे शक्य नव्हते, हे व्यावहारिक कारण झालेच. पण सहा वर्षांचा मुलगा तोंडाने धमकी देऊ शकतो, हा त्याचा दुसरा फायदा. हुकूमशाहीत जगणाऱ्या समाजाचे इतके बोलके चित्र अमेरिकी दूरचित्रवाणीवर क्वचितच आले असेल. शेवटी सुटकेची वाट दाखवण्याचा मोह सर्लिंग यांनी टाळला, हे विशेष.

लघुकथेला किती वेळ द्यायचा, याचाही धडा या मालिकेने घालून दिला. अर्ध्या तासाच्या भागात एक कल्पना, दोन-तीन पात्रे आणि एक कलाटणी नेमकी मावत असे. १९६३ मध्ये वाहिनीने चौथ्या हंगामातील भाग एक तासाचे केले, तेव्हा तीच कथा ताणल्यासारखी वाटू लागली. पाचव्या हंगामात पुन्हा अर्ध्या तासावर यावे लागले. याच हंगामात विमानाच्या पंखावर बसलेला राक्षस एकाच प्रवाशाला दिसतो, ही मॅथेसन यांची 'नाइटमेअर अॅट ट्वेंटी थाउजंड फीट' ही कथा त्यांच्याच पटकथेवरून चित्रित झाली.

पाच वर्षांच्या या कामाने सर्लिंग थकले होते. दिवसाला तीन-चार पाकिटे सिगारेट ओढणारा, ध्वनिमुद्रण यंत्रावर पटकथा सांगत राहणारा हा लेखक स्वतःच्या लेखनात तोचतोपणा येत असल्याची कबुली देऊ लागला. १९६४ मध्ये मालिका बंद झाली. मालिकेचा खर्च कधी भरून निघणार नाही, या समजुतीने त्यांनी आपला हक्काचा वाटा सीबीएसला विकून टाकला. पुढे पुनःप्रक्षेपणातून या मालिकेने अमाप पैसा मिळवला. त्यातला हिस्सा त्यांच्या हाती राहिला नव्हता.

एका चित्रपटात तीन कथा

मालिकेनंतर सर्लिंग चित्रपटांकडे वळले. लष्करी बंडाच्या कटावरील 'सेव्हन डेज इन मे' (१९६४) हा त्यांच्या पटकथेवरील चित्रपट गाजला. पिएर बूल या फ्रेंच लेखकाच्या कादंबरीवर आधारलेल्या 'प्लॅनेट ऑफ द एप्स' (१९६८) या चित्रपटाच्या पटकथेवर मायकेल विल्सन यांच्यासह त्यांचे नाव आहे.

अनेक लघुकथा एकाच चित्रपटात गुंफण्याचा प्रयोग १९६९ मध्ये दोन ठिकाणी झाला. ब्रॅडबरी यांच्या 'द इलस्ट्रेटेड मॅन' या संग्रहातील तीन कथांवरचा चित्रपट त्या वर्षी चित्रपटगृहांत आला. आणि ८ नोव्हेंबरला एनबीसी वाहिनीवर सर्लिंग यांच्या तीन कथांचा 'नाइट गॅलरी' हा दूरचित्रवाणीपट दाखवला गेला. ब्रॅडबरी यांच्या चित्रपटात एकाच दिग्दर्शकाने एका माणसाच्या अंगावरील गोंदणांतून तीन कथा काढल्या होत्या. तो प्रयोग फसला. सर्लिंग यांनी अंधाऱ्या दालनातील तीन चित्रे हे सूत्र घेतले आणि प्रत्येक कथा वेगळ्या दिग्दर्शकाकडे सोपवली. तीनपैकी दोन कथा त्यांच्याच १९६७ च्या कथासंग्रहातील होत्या. त्यांतील 'आइज' या कथेतील गर्भश्रीमंत अंध स्त्री अवघ्या काही तासांच्या दृष्टीसाठी एका गरजू माणसाचे डोळे विकत घेते. पट्टी सुटते त्याच क्षणी सारे न्यूयॉर्क शहर वीज जाऊन अंधारात बुडते. जोन क्रॉफर्ड यांच्यासारख्या ज्येष्ठ अभिनेत्रीला घेऊन ही कथा दिग्दर्शित करणारा तरुण तेव्हा २२ वर्षांचा होता. त्याचे नाव स्टीव्हन स्पिलबर्ग.

या यशातून 'नाइट गॅलरी' ही मालिका १९७० मध्ये सुरू झाली. परंतु या वेळी निर्मितीची सूत्रे सर्लिंग यांच्याकडे नव्हती. कथांची निवड, संकलन, अंतिम रूप यांत त्यांचा शब्द चालेना. पडद्यावर येऊन कथेची ओळख करून देणारा निवेदक, एवढीच त्यांची भूमिका उरू लागली. १९७३ मध्ये ही मालिका संपली. अखेरच्या वर्षांत ते इथाका कॉलेजात विद्यार्थ्यांना लेखन शिकवत. मे १९७५ मध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका आला. रॉचेस्टर येथील रुग्णालयात झालेल्या हृदयशस्त्रक्रियेनंतर २८ जून १९७५ रोजी त्यांचे निधन झाले. वडिलांना लाभले तितकेही आयुष्य त्यांना मिळाले नाही.

चार दिग्दर्शक आणि एक अपघात

स्पिलबर्ग आणि जॉन लँडिस यांनी 'ट्वायलाइट झोन : द मूव्ही' या चित्रपटाची निर्मिती हाती घेतली, तेव्हा रचना सर्लिंग यांच्या परंपरेतलीच होती. चार कथा, चार दिग्दर्शक. तीन कथा जुन्या भागांवरून घेतलेल्या. लँडिस यांची कथा तेवढी नवी. वंशद्वेषाने पछाडलेला एक माणूस अचानक नाझींच्या तावडीतील ज्यू, मग दक्षिणेतील जमावाच्या हाती सापडलेला कृष्णवर्णीय आणि शेवटी व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिकांचे लक्ष्य होतो. हा विषय थेट सर्लिंग यांच्या वाटेवरचा होता.

२३ जुलै १९८२ च्या पहाटे कॅलिफोर्नियात याच कथेतील व्हिएतनामच्या प्रसंगाचे चित्रीकरण चालू होते. नायक दोन मुलांना काखेत घेऊन नदी ओलांडतो, वर हेलिकॉप्टर, भोवती स्फोट, असे ते दृश्य. स्फोटांच्या तडाख्यात हेलिकॉप्टर कोसळले. अभिनेते व्हिक मॉरो आणि सहा व सात वर्षांची ती दोन बालके जागीच ठार झाली. बालकामगार कायद्याला बगल देऊन मुलांना मध्यरात्रीनंतर, परवान्याविना कामावर आणल्याचे निष्पन्न झाले. लँडिस आणि अन्य चौघांवर सदोष मनुष्यवधाचा खटला चालला. १९८७ मध्ये पाचही जण निर्दोष सुटले. चित्रीकरणाच्या जागी सुरक्षिततेचे नियम कडक करण्याची चर्चा हॉलिवुडमध्ये या दुर्घटनेनंतर गांभीर्याने सुरू झाली.

मुलांना वाचवून नायक शहाणा होतो, असा त्या कथेचा ठरलेला शेवट होता. अपघातानंतर तो प्रसंग वगळावा लागला आणि पडद्यावर नायक छळछावणीकडे निघालेल्या गाडीतच राहिला. उलट जो दान्ते यांनी 'इट्स अ गुड लाइफ'चा शेवट सौम्य केला. बाहेरून आलेली एक शिक्षिका मुलाला माया लावते आणि उजाड रस्त्याच्या दुतर्फा फुले उमलतात. स्पिलबर्ग यांनी 'किक द कॅन' या कथेतील पुन्हा बालक झालेल्या बहुतेक वृद्धांना त्यांच्या वार्धक्यात परत आणले; मूळ भागात ती मुले रात्रीच्या अंधारात पळून जातात आणि विश्वास न ठेवणारा मित्र एकटा मागे उरतो. चौघांपैकी सर्वाधिक वाखाणला गेला तो जॉर्ज मिलर यांनी केलेला विमानातील राक्षसाचा भाग. त्यांनी कथा बदलली नाही; तिचा वेग आणि दाब तेवढा वाढवला. चित्रपट जून १९८३ मध्ये प्रदर्शित झाला. निवेदकाचा आवाज होता बर्जेस मेरेडिथ यांचा, आणि विमानातील एका प्रवासी स्त्रीच्या छोट्या भूमिकेत कॅरोल सर्लिंग दिसल्या.

सर्लिंग यांच्या अप्रकाशित लेखनाची जपणूक कॅरोल यांनी २०२० मध्ये निधन होईपर्यंत केली. त्यातील दोन कथांवरचा दूरचित्रवाणीपट १९९४ मध्ये सीबीएसवर आला. मूळ मालिकेचे पुनरुज्जीवन १९८५, २००२ आणि २०१९ असे तीन वेळा झाले. प्रत्येक वेळी तंत्र सुधारले, पैसा वाढला, प्रायोजकांचा जुना धाकही उरला नव्हता. तरी प्रेक्षक आणि समीक्षक तुलनेसाठी परत जातात ते १९५९ च्या त्या कृष्णधवल भागांकडेच. मर्यादित खर्चात, पंचवीस मिनिटांत आणि कात्री लावायला टपलेल्या माणसांच्या नजरेसमोर सर्लिंग यांनी त्या कथा सांगितल्या होत्या. एमेट टिलचे नाव त्यांना घेऊ दिले गेले नाही. मेपल स्ट्रीटवरील त्या रात्रीची गोष्ट मात्र अमेरिकेतील शाळांमधून मुलांना पूर्वग्रह म्हणजे काय, हे समजावताना आवर्जून वाचायला दिली जाते.